'महाशीर वाचला' असे म्हणण्यापूर्वी : एका माशाचा आणि त्याच्या हरवलेल्या नदीचा इतिहास

१/२८
'महाशीर वाचला' हे वाक्य गेली काही वर्षे अभिमानाने उच्चारले जाते. त्याला आधार आहे तो लाल यादीचा. दख्खनचा निळ्या परांचा महाशीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री, आययूसीएनच्या यादीत 'संकटग्रस्त' होता. २०१८ च्या मूल्यमापनानंतर तो 'कमी चिंतेच्या' वर्गात गेला. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्राला त्याचे श्रेय दिले जाते आणि कथा तेथेच संपवली जाते. हा धागा त्या संपवण्याविरुद्ध आहे.

२/२८
माशांची संख्या वाढली, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो 'वाचला' या क्रियापदाबद्दल. ज्या नदीतून हा मासा जगाला प्रथम कळला, ती नदी आज त्याच्या जगण्यालायक राहिलेली नाही. आणि ज्या परक्या नदीत तो नेऊन सोडला गेला, तेथला मूळचा महाशीर नामशेष होण्याच्या काठावर आहे. या दोन गोष्टी वगळूनच विजयाची कथा सांगता येते. त्या का वगळल्या जातात, हे समजण्यासाठी सुमारे १८० वर्षे मागे जावे लागते.

३/२८
आधी माशाविषयी. महाशीर हा रोहू-कटल्याच्या कार्प कुळातला. पण स्वभावाने त्यांच्याहून वेगळा. त्याला वाहते, थंड, प्राणवायूने भरलेले पाणी आणि खडकाळ तळ लागतो. अंगावर मोठे जाड खवले, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या, जबड्यात दात नाहीत. दात आहेत ते घशात. पाण्यात पडलेली उंबरे, किडे, खेकडे, शिंपले, लहान मासे असे सर्व काही तो खातो. 'पाण्यातला वाघ' हे त्याचे बिरुद गळ टाकणाऱ्यांनी दिलेले आहे; त्याच्या आहाराशी त्याचा फारसा संबंध नाही.

४/२८
पावसाळ्यात नदीला पाणी चढले की महाशीर डोह सोडून प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि दगडगोट्यांच्या उथळ, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंडी जड असतात, ती तळाशी दगडांच्या फटींत बसतात. त्यांतून बाहेर पडलेली पिले पहिले काही दिवस जवळजवळ निश्चल, तेथेच पडून राहतात. म्हणजे या माशाला तीन गोष्टी एकाच वेळी हव्यात : उन्हाळ्यात तग धरण्यासाठी खोल डोह, पावसाळ्यात मोकळी वाट आणि गाळ न बसलेला गोटा. यांतली एक जरी गेली तरी वंश खुंटतो. पुढचा सारा इतिहास या तीन गोष्टी जाण्याचाच आहे.

५/२८
नावाविषयी मतभेद आहेत. कोणी 'महा' आणि 'शिर' म्हणजे मोठ्या डोक्याचा असा विग्रह करतो, तर कोणी फारसीतील 'माही' म्हणजे मासा आणि 'शेर' म्हणजे सिंह अशी जोड देतो. दुसरी व्युत्पत्ती शिकारीच्या पुस्तकांत विशेष आवडीने सांगितली जाते, यात नवल नाही. ज्याला मारायचे, तो सिंह असला की मारणाऱ्याचा मान वाढतो.

६/२८
येथे एक सोयीचा गैरसमज दूर केला पाहिजे. 'मौजेसाठी मासे धरणे हे इंग्रजांनी आणलेले खूळ' असे वारंवार लिहिले जाते. ते खरे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात 'मत्स्यविनोद' हे प्रकरणच आहे. माशांचे प्रकार, त्यांना लावायचे आमिष, काठी आणि दोर यांची चर्चा त्यात येते. राजांची हौस जुनी आहे. तेव्हा हा धागा देशी विरुद्ध विदेशी असा नाही.

७/२८
इंग्रजी अमलात नवे आले ते निराळेच : नोंद, वर्गीकरण आणि नदीवरची मोठी बांधकामे. यांपैकी पहिल्या दोहोंचा प्रतिनिधी म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साइक्स. हा कंपनीचा लष्करी अधिकारी. १८१७ च्या खडकी आणि पुण्याच्या लढायांत तो पेशव्यांविरुद्ध होता. १८२४ मध्ये एल्फिन्स्टनने त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तांतकार नेमले. जिंकलेल्या मुलखाची मोजदाद करणे हे त्याचे काम. ती करता करता त्याने पक्षी, प्राणी आणि मासेही नोंदले.

८/२८
दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे आला आणि १८३९ मध्ये छापला गेला. त्यात 'बार्बस खुद्री' या माशाचे वर्णन आहे. तो मिळाल्याचे ठिकाण 'मोटा मोला', म्हणजे पुण्याच्या पूर्वेला वाहणारी मुळा-मुठा. आज देशभर 'दख्खनचा महाशीर' म्हणून ओळखला जाणारा मासा विज्ञानाला सापडला तो कोणत्याही घनदाट अरण्यात नव्हे, तर पुण्याच्या वेशीबाहेर.

९/२८
साइक्सची यादी मराठी वाचकाने एकदा तरी पाहावी. खुद्री, कोलुस, मुस्सुल्ला, नुक्ता, फुलुंगी, पोटैल, इचकिया, गोग्रा. लॅटिन साच्यात बसवलेली ही नावे इथल्या बोलीतली आहेत. नदीकाठच्या लोकांनी मासा ओळखला होता, त्याला नाव दिले होते, एकापासून दुसरा वेगळा केला होता. साइक्सने ते ज्ञान नोंदवले. त्याच यादीत काही माशांना विलायती विद्वानांची नावे मिळाली : यारेली, ओगिल्बी, ओवेनी. ज्यांच्या बोलीतून बाकीची नावे आली, त्या माणसांपैकी एकाचेही नाव कोणत्या माशाला लाभले नाही.

१०/२८
ही तक्रार भावनेची नाही. नाव सांगणाऱ्याला मासा केव्हा चढतो, कोठे अंडी घालतो, कोणत्या डोहात उन्हाळा काढतो हेही ठाऊक असते. नोंदीत आला तो मासा. नदीचे हे ज्ञान नोंदीबाहेर राहिले. महाशीराकडे पाहण्याची पुढची दृष्टी येथे घडली : मासा ही एक सुटी वस्तू, बाटलीत ठेवता येणारी, तराजूत घालता येणारी आणि कालांतराने टाकीत वाढवता येणारी.

११/२८
दुसरा टप्पा गळाचा. १८७३ मध्ये मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस याचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक आले आणि महाशीर साहेबी शिकारीच्या केंद्रस्थानी आला. कावेरी आणि तिच्या उपनद्यांतले राक्षसी मासे दंतकथा बनले. २२ मार्च १९४६ रोजी म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एकाने काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महाशीर धरला. तो विक्रम आजही सांगितला जातो.

१२/२८
थॉमसचे पुस्तक आले त्याच १८७३ साली फ्रान्सिस डे याचा भारत आणि ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवरचा सरकारी अहवालही आला. डेने बारीक जाळी, विष आणि सापळे यांवर टीका केलीच. पण नदीवरील बंधाऱ्यांमुळे वर चढणाऱ्या माशांची वाट अडते, हेही नोंदवले. अर्थात हे आजच्या पर्यावरणवाद्यांना लागलेले नवे ज्ञान नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी सरकारच्याच माणसाने ते सरकारला सांगितले होते.

१३/२८
सरकारने त्यातले काय ऐकले? १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने पाण्यात सुरुंग उडवणे आणि विष घालणे हे गुन्हे ठरवले. ते आवश्यकच होते. जाळ्यांचे आणि सापळ्यांचे नियम करण्याचा अधिकारही त्याने दिला. मात्र मोठ्या धरणांत माशांसाठी वाट ठेवलीच पाहिजे, अशी सक्ती त्यात नव्हती. दोषी ठरला तो जाळे आणि विष वापरणारा. नदीच अडवणारा बांधकामखात्याचा हात कायद्याच्या नजरेतून सुटला.

१४/२८
आणि बांधकामे तर झपाट्याने वाढत होती. मुठेवरचे खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. साइक्सच्या निबंधाला तेव्हा जेमतेम ४० वर्षे झाली होती. खालच्या डोहांतून वर सह्याद्रीकडे चढणाऱ्या माशाची मुठेतील वाट तेथे बंद झाली. पुण्याला पाणी मिळाले, कालव्याखालची शेती भिजली. हे लाभ नाकारण्याचे कारण नाही. पण त्याची किंमत कोणी मोजली होती, हे कोणत्याही गौरवग्रंथात सापडत नाही.

१५/२८
तिसरा टप्पा विजेचा. मुंबईच्या गिरण्यांसाठी टाटांनी लोणावळा परिसरात लोणावळा, वळवण आणि शिरोता येथे धरणे बांधली; १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. योजनेचे गमक असे : भीमेच्या खोऱ्यातले, पूर्वेकडे वाहून जाणारे पाणी अडवायचे, सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून पश्चिमेला सोडायचे आणि त्या उतारावर वीज करायची. म्हणजे पाणी केवळ थांबले नाही. ते आपले खोरे सोडून कोकणात गेले.

१६/२८
मग मुळशी. निळा आणि मुळा यांच्या संगमाजवळच्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि हजारो मावळे शेतकरी त्यात होते. लढा हरला, खोरे बुडाले, १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर चालू झाले. मुळशीचा इतिहास माणसांच्या विस्थापनाचा म्हणून लिहिला गेला आणि ते योग्यच आहे. मात्र ज्या मुळेच्या पाण्यातून साइक्सचा खुद्री आला, तिचेच वरचे अंग येथे जलाशयाखाली गेले, हे त्या इतिहासात आले नाही.

१७/२८
आता लोणावळ्याचे केंद्र. ज्या तलावांसाठी नद्या अडल्या, त्याच तलावांत महाशीराचे काही वंश तगून राहिले. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्यांचा अभ्यास केला. अंडी कशी असतात, पिले किती दिवस निश्चल राहतात, हे त्यांनी १९७० च्या सुमारास बारकाईने नोंदवले. चौथ्या क्रमांकात सांगितलेली माहिती मुख्यतः त्यांच्या कामावर उभी आहे. पुढे एस. एन. ओगले यांच्यासह त्यांनी कृत्रिम प्रजननाचे तंत्र बसवले.

१८/२८
हे काम थोर आहे, यात शंका नको. निसर्गात क्वचितच पाहायला मिळणारे प्रजनन त्यांनी हातात घेतले आणि लाखो बोटुकली तयार होऊ लागली. टीका त्या शास्त्रज्ञांवर नाही. टीका आहे ती त्यांच्या कामाच्या वापरावर. टाकीतून मासा मिळू लागला, तसा नदीचा प्रश्न सुटला असे मानण्याची सवय राज्यकर्त्यांना, कंपन्यांना आणि वृत्तपत्रांना लागली. नदी अडवणारी आणि मासा वाचवणारी संस्था एकच असेल, तर पहिल्या कृतीचा हिशेब दुसऱ्या कृतीने मिटला असे दाखवणे फार सोपे जाते.

१९/२८
बोटुकली केवळ मावळात राहिली नाही. ती इतर राज्यांना दिली गेली आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कावेरीतही पोचली. हेतू चांगला होता : कावेरीतला प्रसिद्ध महाशीर कमी होतो आहे, तर नवे मासे सोडू. पण कावेरीचा महाशीर आणि मुळा-मुठेचा महाशीर हे एक नव्हेत. कावेरीतला तो पाठीवर कुबड असलेला, केशरी झाक असलेल्या परांचा महाकाय मासा. काबिनीतला १९४६ चा विक्रम त्याचाच. सोडला गेला तो दख्खनचा निळ्या परांचा.

२०/२८
ही चूक इतकी सहज कशी झाली? कारण जगभरच्या गळकऱ्यांना ठाऊक असलेल्या या कुबड्या महाशीराला निश्चित शास्त्रीय नावच नव्हते. अनेक वर्षे त्याला 'मुस्सुल्ला' म्हटले जाई. म्हणजे साइक्सने दख्खनमधल्या भलत्याच माशाला दिलेले नाव. २००७ मध्ये केरळातील पांबार नदीतल्या लहान नमुन्यांवरून 'टॉर रेमादेवी' ही जात वर्णिली गेली, मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमा देवी यांच्या नावावरून ते नाव. कावेरीचा कुबड्या महाशीर हाच तो, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. मोयार नदीत अजून तग धरून असलेल्या माशांमुळे ते शक्य झाले.

२१/२८
दीडशे वर्षे त्याच्या वजनाची नोंद ठेवली गेली, त्याची मुंडकी भिंतींवर टांगली गेली. तो कोण आहे हे ठरवायला एकविसावे शतक उजाडावे लागले. मासा ही सुटी वस्तू मानली, की 'महाशीर म्हणजे महाशीर' असे वाटू लागते. गोदामातली पोती जशी एकाची दुसऱ्याला चालतात, तसे एका नदीचे मासे दुसऱ्या नदीत चालतील असा समज होतो. कावेरीत जे घडले, त्याचे मूळ या समजात आहे.

२२/२८
पुढे काय झाले, त्याचा पुरावा योगायोगाने गळकऱ्यांच्याच वह्यांत राहिला. कावेरीच्या एका पट्ट्यात मासा धरून परत सोडण्याची पद्धत होती आणि नोंदी ठेवल्या जात. १९९८ ते २०१२ या काळातील अशा ६,१६१ महाशीरांच्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी तपासल्या. पकडलेल्या माशांची एकूण संख्या वाढत गेली होती. पण ती वाढ निळ्या परांच्या पाहुण्याची होती. कुबड्या महाशीर मात्र घटत गेला आणि त्याची लहान पिढी नोंदींतून दिसेनाशी झाली.

२३/२८
संख्या वाढली आणि जात संपत आली, या दोन्ही गोष्टी एकाच वहीत, एकाच वेळी खऱ्या होत्या. केवळ बेरीज पाहणाऱ्याला तेथे यश दिसले असते. कावेरीवर कृष्णराजसागर आणि मेट्टूरसारखी धरणे आधीच होती. वाळूउपसा होता, सुरुंगांनी मासे मारणेही होते. कुबड्या महाशीराच्या अवस्थेला हे सर्व कारणीभूत आहे. पण आधीच गुदमरलेल्या माशाच्या घरात त्याचा दांडगा चुलतभाऊ आणून सोडणे, हा उपाय म्हणून केलेला अपाय होता.

२४/२८
२०१८ च्या मूल्यमापनात आययूसीएनने टॉर रेमादेवीला 'अतिसंकटग्रस्त' ठरवले. त्याच वर्षीच्या मूल्यमापनात टॉर खुद्री 'कमी चिंतेचा' झाला. मराठी माध्यमांत दुसऱ्या बातमीचे पेढे वाटले गेले. पहिलीचा उल्लेख क्वचितच झाला. या दोन ओळी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय महाशीराबद्दल काहीही बोलणे अर्धसत्य आहे. एका नदीतल्या माशाचे यश दुसऱ्या नदीतल्या माशाच्या अपयशात मिसळलेले आहे.

२५/२८
यावर तीन उत्तरे हमखास येतात. पहिले : 'देवस्थानांनी मासे राखलेच ना?' राखले, आणि ते मोलाचे आहे. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत, वाड्याजवळ वैतरणेवरच्या तिळसे येथे, तुंगेकाठी शृंगेरीला देवाचा मासा कोणी मारत नाही. शास्त्राने नाव देण्याच्या कितीतरी आधी लोकांनी त्याला अभय दिले होते. पण अभय असते डोहाला. डोहाच्या वरच्या-खालच्या नदीला नाही. दक्षिण कर्नाटकातील शिशिलाच्या मत्स्यतीर्थात १९९६ मध्ये विष कालवले गेले आणि मासे मोठ्या संख्येने मेले. त्यांचे स्मारक तेथे उभे आहे. श्रद्धा पहारा देऊ शकते. अडवलेले पाणी ती सोडू शकत नाही.

२६/२८
दुसरे उत्तर : 'गळकरीच खरे रक्षक.' अंशतः खरे. २०१२ मध्ये वन्यजीव कायद्याच्या आधारे कावेरी अभयारण्यातली हौशी मासेमारी बंद झाली, तेव्हा नोंदीही थांबल्या आणि काठावरची रोजची नजरही गेली. पण भरपूर मासा मिळावा ही गळकऱ्याची ओढच परक्या बोटुकलीला नदीत घेऊन आली होती, हे विसरता येत नाही. तिसरे उत्तर : 'मग धरणे पाडायची काय?' तसे येथे म्हटलेले नाही. मागणी आहे ती धरणांचा पूर्ण हिशेब मांडण्याची. त्यातला एक खर्च बोटुकलीच्या आकड्याखाली झाकू नये इतकीच.

२७/२८
त्या हिशेबातून निघणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. एका खोऱ्यातला महाशीर दुसऱ्या खोऱ्यात सोडणे पूर्ण थांबावे. मत्स्यबीज केंद्राचे यश किती बोटुकली सोडली यावर नव्हे, तर त्यांतली किती आपल्या मूळ नदीत मोठी होऊन स्वतः अंडी घालतात यावर मोजावे. पावसाळ्याच्या आरंभी, मासा वर चढण्याच्या दिवसांत, धरणांखाली पाणी सोडण्याचे बंधन असावे. अजून मोकळे वाहणारे पट्टे अडवू नयेत, त्यांच्या तळातला गोटा आणि वाळू उपसू नये. यांत अशक्य असे काही नाही. टाकीच्या फीत कापण्यासारखे छायाचित्र मात्र यातून निघत नाही.

२८/२८
आज पुण्यात मुळा-मुठेच्या सुमारे ४४ किलोमीटर काठाच्या सुशोभीकरणावर वाद चालू आहे. भिंती किती उंच, रस्ता किती रुंद, झाडे किती तुटणार, यांवर तावातावाने बोलले जाते. ते बोललेच पाहिजे. पण १८३९ च्या त्या निबंधाने या नदीची एक कसोटी छापून ठेवलेली आहे : येथे खुद्री राहत असे. ज्या मैल्याच्या पाण्यात आज तो एक दिवसही तगणार नाही, त्या पाण्याच्या काठी बाके मांडून नदी परत आली असे म्हणता येणार नाही. लाल यादीतला वर्ग बदलला आहे. मुळा-मुठेचे पाणी बदलेल आणि त्यात कोणी न सोडलेला खुद्री पावसाळ्यात वर चढताना दिसेल, त्या दिवशी 'महाशीर वाचला' हे वाक्य पुण्याने लिहावे.

(धागा समाप्त)